लाल ढीग

केतकीने भिंग डोळ्याला लावलं, झाडाचा तुरा बोटांनी जरासा वाकवला आणि त्यावरचे चिकाचे बारीक मणी निरखले.

"काय म्हणतायत?" तिच्या नवऱ्याने, अद्वैतने, खुर्चीतून विचारलं.

"निम्मे दुधाळ झालेत. बाकीचे अजून काचेसारखे आहेत. आठवडाभर तरी थांबायला हवं होतं."

"वादळ थांबणार आहे का आठवडाभर?"

अरबी समुद्रात चक्रीवादळ होतं आणि दिवाळी होऊन गेली तरी ते आत घुसणार असं सगळे सांगत होते. वडूजसारख्या कोरड्या गावातसुद्धा चार-पाच दिवस पावसाचे असणार होते. उभ्या झाडावर पाणी बसलं की तुऱ्याच्या आत बुरशी धरते, हे केतकीला सहा वर्षांच्या अनुभवाने पाठ झालं होतं. तिने कात्री उचलली आणि पहिली फांदी कापली.

गांजाची ती झाडं तिच्या डोक्याच्या वर गेली होती. मागच्या अंगणात, उंच भिंतीआड, मुरमाच्या जमिनीत ती मुद्दाम उघड्या उन्हात लावलेली होती. फाटकावर सरकारी परवान्याची पाटी होती. गावात तिचं चष्म्याचं दुकान होतं, पण पत्ता विचारणाऱ्याला लोक "गांजावाल्या बाईंचं घर" असंच सांगायचे. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अद्वैत मांडीवर परात घेऊन फांद्यांची मोठी पानं खुडत होता. त्याच्या बोटांना चीक लागून ती काळी पडली होती. एके काळी ती बोटं एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडायची.

अद्वैतच्या मापुस्कर घराण्यात एक आजार होता. घरात त्याला नुसतं 'आकडी' म्हणायचे. अंगातून विजेचा झटका जावा तशी कळ उठायची, स्नायू आवळून दगड व्हायचे, आणि ती आवळ छातीपर्यंत चढली की माणूस श्वासाला महाग व्हायचा. अद्वैतचे आजोबा त्यात गेले, एक आत्या गेली. डॉक्टरांकडे गुंगीची औषधं सोडून काही नव्हतं.

मग दहा-बारा वर्षांपूर्वी कोडं सुटलं. प्रत्येक माणसाचं शरीर गांजातल्या द्रव्यासारखं एक द्रव्य स्वतःच थोडं थोडं बनवत असतं. भडकलेल्या मज्जातंतूंना शांत करायचं काम त्याचं. मज्जातंतूवर त्याच्यासाठी एक कुलूप असतं आणि हे द्रव्य म्हणजे किल्ली. मापुस्करांच्या रक्तात त्या कुलपाचा आकारच बिघडलेला होता. स्वतःच्या शरीराची किल्ली त्यात बसत नव्हती. शास्त्रज्ञांनी गांजाच्या झाडाची जनुकं बदलून त्या एका बिघडलेल्या कुलपाला बसेल अशी किल्ली झाडाकडून बनवून घेतली. नशा जवळजवळ नाहीच. पण आकडी थांबते. एका रोग्यासाठी एक वाण, असा तो शोध होता.

अडचण एवढीच की ते द्रव्य फार नाजूक निघालं. कारखान्यात अर्क काढायला गेलं की ते मोडायचं. तुऱ्यावरच्या त्या बारीक चिकाच्या मण्यांत मात्र ते शाबूत राहायचं. आणि झाड ते मणी बनवतं कडक उन्हापासून स्वतःला वाचवायला, त्यामुळे काचघरात, दिव्याखाली ते धड बनतच नव्हते. म्हणून रोग्याने आपलं औषध स्वतःच्या दारात, उघड्यावर पिकवायचं, वर्षातून एकदा. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटं टांगून सावकाश वाळवायचं. घाईने वाळवलं तर द्रव्य मोडतं, फार रेंगाळलं तर बुरशी येते. मग रोज सकाळी चिमूटभर फुलं यंत्रात तापवून त्यांचा वाफारा घ्यायचा.

अद्वैतला आकडी सुरू झाली तेव्हा चिपळूणच्या दमट हवेत हे जमणं शक्य नव्हतं. म्हणून केतकी आणि अद्वैत चिपळूण सोडून इकडे आले. आजारी आईला टाकून गेले, असं अद्वैतचा मोठा भाऊ मिलिंद सगळ्यांना सांगत राहिला. आई गेल्याचं त्याने दिवसकार्य उरकल्यावर कळवलं. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या फांद्या खोलीत तारांवर टांगून झाल्या आणि अंगणात पहिले थेंब पडले.

---

खोलीच्या भिंतीवर एक पांढरी डबी होती. या औषधाचं काम पाहणाऱ्या सातारच्या केंद्राने बसवलेली, स्वतःच्या बॅटरीवर चालणारी. तिला सगळे 'नाक' म्हणत. हवेतला ओलावा आणि वासातली द्रव्यं ओळखून ती हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावायची आणि तेच केंद्राला कळवायची.

दुसऱ्या दिवशी गावाची वीज गेली. छपरावरच्या सौरपट्ट्यांना ऊन नव्हतं. ओलावा ओढणारं यंत्र आणि पंखा यांनी साठवलेली वीज संपवली. केतकीने पंखा हाताने घातला, कोळशाची शेगडी दाराबाहेर ठेवून ऊब आत ढकलली, खोलीत मिठाची पातेली ठेवली. पाऊस थांबेना. चौथ्या दिवशी नाक पिवळं झालं. दुपारी लाल.

लगेच केंद्रातून डॉक्टर फातिमा मुजावरांचा फोन आला.

"केतकीताई, सगळं जाळावं लागेल."

"सगळं नाही खराब झालेलं, डॉक्टर. भिंतीकडच्या फांद्या गेल्या असतील. मधल्या चांगल्या आहेत, मी बघतेय ना."

"डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हे पोटात जाणारं औषध नाही, थेट फुप्फुसात जाणार. ती बुरशी तिथे रुजली तर बाहेर काढणं माझ्या हातात नाही."

"आणि हे जाळलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत अद्वैतने काय घ्यायचं?"

डॉक्टर म्हणाल्या, "रस्ते सुरू झाले की पाहणीचा माणूस येईल. तोवर तुम्ही काही सिद्ध करू शकलात तर मी बघेन."

केतकी दारातच खाली बसली. पावसाच्या आवाजात तिचं रडणं अद्वैतला ऐकू गेलं नसतं, पण त्याने पाहिलं.

"नाकाला खोलीचा वास येतो," तो म्हणाला. "कुठल्या फांदीचा, ते त्याला कळत नाही. बरोबर?"

"मग?"

"मग एकेक फांदी वेगळी हुंगायला देऊ. आपला मोठा कुकर काढ."

त्याने कुकरची शिट्टी काढून त्या जागी रबरी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक भिंतीवरून उतरवलेल्या नाकाच्या तोंडाशी बांधलं. एक फांदी कुकरमध्ये घालायची, झाकण लावायचं, कुकर कोमट पाण्यात ठेवायचा आणि थांबायचं. दिवा हिरवा आला की फांदी डावीकडे, लाल आला की उजवीकडे. नंतर कुकर पुसून, सुकवून पुढची फांदी. मधल्या वेळात उरलेल्या फांद्या ओलावा पीत होत्या, म्हणून दोघं जेवायलासुद्धा उठली नाहीत. एकदा अद्वैतच्या पाठीतून कळ गेली आणि हातातलं झाकण खणकन पडलं. केतकीने त्याला भिंतीशी टेकवलं, तो निवळला आणि पुन्हा झाकणाला हात घातला.

शेवटची फांदी झाली तेव्हा उजवीकडचा ढीग मोठा होता. डावीकडचा जपून वापरला तर एका माणसाला वर्षभर पुरला असता.

डॉक्टर मुजावरांनी आकडे पाहिले आणि हिरव्या ढिगाला परवानगी दिली. "पण लाल जाळायचं. माणसासमोर."

"जाळतो आम्ही," केतकी म्हणाली.

---

पाऊस थांबला त्याच दिवशी फाटकाशी चिपळूणची गाडी उभी राहिली. मिलिंद उतरला. इतक्या वर्षांनी दिसलेला तो माणूस केतकीला क्षणभर ओळखूच आला नाही, इतका तो वाळला होता. मागच्या दाराने त्याने आपल्या मुलीला, रेवाला, धरून उतरवलं. केतकीने पाहिलेली रेवा दोन वेण्यांची होती. आता ती कॉलेजात होती, आणि तिची चाल अद्वैतच्या पहिल्या वर्षाच्या आजारपणातली होती. पाऊल टाकण्याआधी जमिनीचा अंदाज घेणारी.

कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"गणपतीच्या आधी सुरू झालं," मिलिंद ओट्यावर बसत म्हणाला. "दोनदा छाती आवळली. केंद्रात नाव घातलंय. तिचं बी येत्या मे महिन्यात मिळेल, पीक दिवाळीला. तोपर्यंत..." त्याने भावाकडे पाहिलं. "अद्वैत, त्यांनी तपासलं. तिचं कुलूप तुझंच आहे. तंतोतंत तेच."

केतकीला ते वाक्य पुरं व्हायच्या आधीच समजलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"केतकी, ऐक तरी."

"भाऊजी, एकाला पुरेल एवढंच आहे. निम्मं निम्मं केलं तर निम्म्या मात्रेने आकडी थांबत नाही, दोघंही जातील. आणि दुसऱ्याला दिलं तर परवाना जातो. आम्ही इथे आलो तेव्हा तुम्ही आम्हाला काय काय म्हणालात? सासूबाई गेल्या तेव्हा तोंड तरी बघू दिलंत का? आज कुठल्या तोंडाने—"

"कुठल्याही तोंडाने," मिलिंद म्हणाला. "पाय धर म्हणालीस तर पाय धरतो. माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही गं."

"बाबा, चला," रेवा म्हणाली. "मी म्हटलं होतं नको यायला. काकू बरोबर बोलतेय."

ती उठली आणि ओट्याच्या पायरीवरच आकडीने तिला गाठलं. मान मागे गेली, हात छातीशी वळले, तोंडातून हवा जाईना की येईना. मिलिंद तिचं नाव घेत राहिला. केतकी आत धावली. आपण काय करतोय याचा तिने विचार केला नाही, सहा वर्षं हे हात हेच करत आले होते. हिरव्या ढिगातलं फूल अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. तेच चुरडून तिने यंत्रात घातलं, नळी रेवाच्या दातांमध्ये सारली आणि तिच्या छातीवर तळहात दाबून हवा आत जायची वाट पाहिली. एक बारीकसा श्वास गेला. मग दुसरा. मग रेवाची बोटं एकेक करून सुटली.

ती डोळे उघडून म्हणाली, "दुखत नाहीये." आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

आता ती चिपळूणला परत जाणार नव्हती, हे ओट्यावरच्या सगळ्यांनाच कळलं.

---

"हिरवा ढीग तिचा," अद्वैतने दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीला सांगितलं. मिलिंद अंगणात होता. "मी लाल घेईन."

"तुला वेड लागलंय का?"

"द्रव्य त्यातही आहे. बुरशी आली म्हणून किल्ली मोडत नाही. आकडी थांबेल."

"आणि फुप्फुसं?"

"फुप्फुसांचं 'कदाचित' आहे. आकडीचं 'कदाचित' नाही, ती येणारच. तू हिशेब कर."

"मग रेवाला दे लाल!" केतकीच्या तोंडून गेलं. स्वतःच्या आवाजाची तिला भीती वाटली.

अद्वैत रागावला नाही. "मला बेचाळीस वर्षं मिळाली," तो म्हणाला. "तुझ्याबरोबरची सोळा. तिला अजून काहीच मिळालेलं नाही. आणि शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस. कळलं तर दोन्ही ढीग जातील."

तिने शपथ घेतली. का घेतली, याचं उत्तर तिला पुढे कधीच देता आलं नाही. भांडून भांडून थकली होती, आणि तो एकदा ठरवलं की बदलायचा नाही.

पाहणीच्या माणसासमोर त्यांनी लाल ढीग म्हणून देठं आणि पानं जाळली. खरा लाल ढीग अंधाऱ्या खोलीत सावकाश आणखी वाळवून बरण्यांत भरला. रेवा ह्याच घरात राहिली. मिलिंद दर आठवड्याला यायचा. रोज सकाळी केतकी दोन चिमटी मोजायची, एक पुतणीसाठी, एक नवऱ्यासाठी, आणि दुसरी यंत्रात घालताना तिचे दात एकमेकांवर आवळलेले असायचे. हिवाळा गेला. दोघांनाही आकडी आली नाही. रेवा दुकानात बसून चष्म्यांच्या काचा घासायला शिकली, गिऱ्हाइकांशी गप्पा मारू लागली. एकदा अद्वैत तिला म्हणाला, "तुझ्या आजीसारखी हसतेस." त्या दिवशी मिलिंद जेवायला थांबला. दोघं भाऊ ओट्यावर बसून चिपळूणच्या पुरात वाहून गेलेल्या त्यांच्या सायकलीबद्दल बोलत होते. ऐकताना केतकीला वाटलं, कदाचित निभावेल.

होळीनंतर अद्वैतला खोकला सुरू झाला.

---

मे महिन्यात तो सातारच्या इस्पितळात श्वासयंत्रावर होता. न्यूमोनिया म्हणून औषधं चालू होती आणि एकही लागू पडत नव्हतं. रेवाचं बी महिन्याच्या सुरुवातीलाच मिळालं होतं, अंगणात इवलीशी रोपं वर आली होती.

डॉक्टर मुजावर बाहेरच्या बाकावर केतकीजवळ येऊन बसल्या. "केतकीताई, मला समजत नाहीये. तपासण्यांत स्पष्ट काही येत नाही. घरात काही झालं होतं का? ओल, धूळ, काहीही?"

केतकीने तोंड उघडलं. काचेपलीकडे अद्वैत डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होता. त्याने मान हलवली. नाही. तिच्या बाजूला रेवा बसली होती. सांगितलं तर अद्वैतला योग्य औषध मिळेल आणि रेवाचं आजच बंद होईल. नाही सांगितलं तर...

रोज सकाळी दोन वेगळ्या बरण्यांतून चिमटी निघताना पाहणारी रेवा उठून उभी राहिली.

"डॉक्टर, काका बुरशी लागलेली फुलं घेत होता. लाल ढिगातली. चांगली मी घेतली."

"रेवा!" केतकीने तिचा हात धरला.

"काकू, सोड. तू सांगू शकली नसतीस आणि मग आयुष्यभर मला सांभाळत बसली असतीस."

"मी तोंड बंद ठेवलं असतं," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "पण या बुरशीवरचं औषध कारण नोंदवल्याशिवाय मिळतच नाही, आणि नोंद झाली की ती परवाना विभागात आपोआप जाते. तुमच्या घरात जे काही उरलंय ते उद्या उचललं जाईल. अद्वैतरावांचा परवाना रद्द होईल. रेवा, तुझी रोपं तुझ्या नावावर आहेत, त्यांना कोणी हात लावणार नाही. पण दिवाळीपर्यंत तुझ्याकडे काही नसेल. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

"कळतंय."

त्याच संध्याकाळी अद्वैतला नवं औषध सुरू झालं. हळूहळू त्याची फुप्फुसं सावरू लागली. अधूनमधून आकडी यायची, पण श्वासयंत्र त्याला ओढून पार नेत होतं. मात्र वाफारा असल्याशिवाय त्याला यंत्रावरून उतरवता येणार नव्हतं, आणि त्याला आता कोणी परवाना देणार नव्हतं.

रेवाला श्वासयंत्राचा आधार नव्हता. चालत्याबोलत्या मुलीला महिनोन्महिने इस्पितळात ठेवायला कोणी तयार नव्हतं. ती वडूजलाच राहिली, कारण झाडं तिच्या नावावर होती. केतकीने दुकान बंद केलं आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरापलीकडे कधी गेली नाही. जून गेला. जुलैत तीन-चार आकड्या आल्या, एकेक आधीच्यापेक्षा लांब. श्रावणात, सकाळच्या वेळी, झाडांच्या ओळीत तण काढताना शेवटची आली. केतकीने तिला मांडीवर घेतलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. गाडी येईपर्यंत दिला. गाडीतही देत राहिली. सातारच्या वाटेवर गाडीतल्या परिचारिकेने केतकीचे खांदे धरून तिला बाजूला केलं.

---

रेवाचं सगळं आटोपल्यावर मिलिंद एकटाच वडूजला आला; अद्वैत अजून साताऱ्याला श्वासयंत्रावरच होता. केतकी मागच्या अंगणात होती. झाडं कमरेच्या वर आली होती, हिरवीगार, त्या वर्षी नेमकी कोणतीही कीड न लागलेली. रोगी गेला की त्याची झाडं उपटायची, केंद्राला कळवायचं, असा नियम होता. तिला वाटलं, तो त्यासाठीच आलाय.

"भाऊजी, तुम्हाला बघवणार नाही. मीच उपटते," ती म्हणाली. "तुम्ही आत बसा."

मिलिंद उत्तर न देता झाडांपर्यंत गेला. एका झाडाला त्याने हात लावला आणि तो तसाच ठेवला.

"केंद्राला कळवायचं माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "पालक मी आहे. मुजावर बाईंना माहीत आहेच. त्या मला म्हणाल्या, कोणी विचारल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

केतकीने उपटायला धरलेलं झाड सोडलं.

"अद्वैतचं कुलूप तेच आहे," मिलिंद म्हणाला. त्याचा आवाज फाटला आणि त्याने तो पुन्हा गोळा केला. "कापणी होईपर्यंत मी कोणाला काही कळवणार नाही. सरकारच्या लेखी ती तोवर आहे. असू दे."

"पकडले गेलात तर तुरुंग आहे, भाऊजी."

"असेल."

केतकीला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं, त्याच्या पायांवर पडावंसंही वाटत होतं. ती दोन्हींपैकी काहीच करू शकली नाही.

मिलिंदने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"यांना पाणी कधी घालतेस?"

"संध्याकाळी."

"आज मी घालतो," तो म्हणाला, आणि नळ कुठे आहे ते विचारलं.